मॉडेलचं इंजिन कितपत खरं? प्रमाण, तडजोड आणि वेळेवर दाखवलेली चूक

विज्ञान प्रदर्शनाचा हंगाम आला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. पालक विचारतात, "मॅडम, तयार मॉडेल आणलं तर चालेल का?" आणि शिक्षक खोलीत कुणीतरी म्हणतं, "हल्लीची पोरं काही करत नाहीत, सगळं आयतं आणतात." दोन्ही वाक्यांत 'तयार' हा शब्द जरा अपराध्यासारखा उभा असतो. आज मी तुम्हाला अशा एका तयार मॉडेलविषयी सांगणार आहे, ज्याने माझ्या आठवीच्या वर्गाला गुणोत्तर-प्रमाण शिकवलं. फळ्यावरच्या चार उदाहरणांनी इतकं साधलं नसतं. हे मॉडेल म्हणजे वाफेच्या इंजिनाचं, रुळावर ठेवलं की लगेच धावणारं मॉडेल.

इंग्लंडमध्ये या छंदाला शंभर वर्षांची परंपरा आहे. मेकॅनो काढणाऱ्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये चावीच्या आगगाड्या बाजारात आणल्या. आज तिथे हॉर्नबी, बाखमन अशा कंपन्यांची वाफेच्या इंजिनांची मॉडेलं मिळतात. डबा उघडायचा, इंजिन रुळावर ठेवायचं, वीज सोडायची. जोडाजोड नाही, रंगकाम नाही. एका मोठ्या इंजिनाची किंमत दोनशे पौंडांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. म्हणजे अगदी 'आयतं'च म्हणायचं की! पण गंमत अशी, की हे आयतं मॉडेल घेणारे लोक ते आयतं स्वीकारत नाहीत. नवं मॉडेल येणार अशी घोषणा झाली की फूटपट्टी, जुने फोटो आणि कारखान्याचे मूळ आराखडे घेऊन बसतात. चिमणीची उंची बरोबर आहे का? घुमट कुठल्या आकाराचा? केबिनची खिडकी कुठल्या वर्षाची? अशा माणसांना तिकडे 'रिव्हेट मोजणारे' म्हणून चिडवतातही. मला मात्र ही माणसं आदर्श विद्यार्थी वाटतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या मामांनी त्याला लेस्टरहून असं एक इंजिन आणून दिलं. हिरवंगार, साधारण २८ सेंमी लांब, नाव 'फ्लाइंग स्कॉट्समन'. मुलगा ते शाळेत घेऊन आला, आणि मागच्या बाकावरून पहिलाच प्रश्न आला, "मॅडम, हे खऱ्यासारखं आहे का हो?"

प्रश्न साधा होता. उत्तर द्यायला आम्हाला पाच तास लागले. ते पाच तास मी तुमच्यासमोर मांडते, कारण त्यातला प्रत्येक तास तुम्हालाही घेता येईल.

पहिला तास : कोणत्या दिवसाचं मॉडेल?

'फ्लाइंग स्कॉट्समन' हे इंजिन फेब्रुवारी १९२३ मध्ये डॉनकास्टरच्या कारखान्यातून बाहेर पडलं. रचनाकार नायजेल ग्रेस्ली. तेव्हा त्याला नाव नव्हतं, नुसता नंबर होता, १४७२. १९२४ मध्ये वेम्बली इथल्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनात ते ठेवायचं ठरलं, तेव्हा नाव मिळालं आणि नंबर झाला ४४७२. ३० नोव्हेंबर १९३४ रोजी त्याने ताशी १०० मैलांचा वेग गाठला. अधिकृत नोंद झालेलं असं हे पहिलं वाफेचं इंजिन मानतात. १९४६ मध्ये नंबर बदलून आधी ५०२ आणि त्याच वर्षी १०३ झाला. १९४७ मध्ये त्याला जास्त दाबाचा नवा बॉयलर बसला आणि त्याचा वर्ग ए-१ वरून ए-३ झाला. रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर नंबर झाला ६०१०३. पुढे दुहेरी चिमणी आली, मग धूर चालकाच्या डोळ्यांपुढून बाजूला वळवणारे पत्रे आले. रंगही बदलत गेले. आधी सफरचंदी हिरवा, युद्धकाळात काळा, मग काही काळ निळा, मग गडद हिरवा.

१९६३ मध्ये अॅलन पेगलर नावाच्या उद्योजकाने ते विकत घेऊन भंगारात जाण्यापासून वाचवलं, पुन्हा सफरचंदी हिरवा रंग दिला आणि जुना ४४७२ नंबर लावला. आज ते ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचं आहे, आणि २०१६ मधल्या मोठ्या दुरुस्तीनंतर गडद हिरव्या रंगात, ६०१०३ नंबरने धावू लागलं.

आता सांगा, 'खरा' फ्लाइंग स्कॉट्समन कोणता?

मुलांना मी तारखांची पट्टी फळ्यावर काढून दिली आणि मॉडेल मधोमध ठेवलं. चिमणी मोजा, नंबर वाचा, धुराचे पत्रे आहेत का बघा, रंग बघा. आमच्या मॉडेलवर नंबर होता ४४७२, रंग सफरचंदी, चिमणी एकेरी, बाजूचे पत्रे नाहीत. मुलं म्हणाली, "म्हणजे १९२४ ते १९४६ मधलं." बरोबर वाटतं ना? पण एका मुलीने भिंग लावून पाहिलं. इंजिनाच्या पुढच्या भागाला, जिथे धूर गोळा होतो त्या पेटीला, दोन्ही बाजूंनी लहानशी झाकणं होती. ही झाकणं ए-३ बॉयलरची खूण. आणि ए-३ बॉयलर तर १९४७ मध्ये बसला, ४४७२ नंबर त्याआधीच गेला होता. म्हणजे ही जोडी एकत्र कधी आली? १९६३ नंतरच!

वर्गात क्षणभर शांतता, आणि मग एकदम कल्ला. मॉडेल चुकीचं नव्हतं. ते पेगलरसाहेबांनी वाचवलेल्या इंजिनाचं अगदी बरोबर मॉडेल होतं. पण कुणी त्यापुढे '१९३४ मध्ये विक्रम करणारं इंजिन' अशी पाटी लावली असती, तर तेच मॉडेल चुकीचं ठरलं असतं.

इतिहास शिकवणाऱ्यांनी हा मुद्दा उचलावा. आपण मुलांना 'शिवनेरी किल्ल्याचं मॉडेल करा' म्हणतो. कुठल्या काळातला शिवनेरी? आज दिसतो तो, की सतराव्या शतकातला? पाटीवर काळ लिहिल्याशिवाय मॉडेल बरोबर की चूक हे ठरवताच येत नाही.

दुसरा तास : ७६.२ हा आकडा कुठून आला?

ब्रिटनमधल्या या मॉडेलांच्या प्रमाणाला 'ओओ' म्हणतात. नियम असा, की खऱ्या एका फुटाला मॉडेलवर ४ मिलिमीटर. एक फूट म्हणजे ३०४.८ मिमी. भागिले ४, उत्तर ७६.२. म्हणजे प्रमाण १:७६.२. इंच-फूट आणि मिलिमीटर यांची अशी खिचडी पाहून मुलं हसतात. हसू द्या, कारण एकक बदलण्याचा सराव त्यातच होतो.

मग मी त्यांना इंजिनाचं वजन दिलं. टेंडर सोडून फक्त इंजिन सुमारे ९७,८०० किलो. मॉडेलचं वजन किती असायला हवं? बहुतेकांनी ७६.२ ने भागलं. उत्तर आलं १,२८३ किलो. एक मुलगा ओरडला, "मॅडम, मग हे बाक मोडायला हवं होतं!"

इथे थांबायचं आणि उत्तर सांगायचं नाही. इंजिन ७६.२ पट फक्त लांबीने लहान झालं का? रुंदीने? उंचीनेही? हळूहळू कुणीतरी म्हणतं, "तीनदा भागायचं." ७६.२ चा घन सुमारे ४,४२,४५०. आता भागून पाहा. उत्तर येतं जेमतेम २२१ ग्रॅम. घनफळ लांबीच्या घनाच्या पटीत बदलतं, हे वाक्य पुस्तकात असतं. बाराशे किलोवरून सव्वादोनशे ग्रॅमवर कोसळलेलं उत्तर मात्र मुलं आयुष्यभर विसरत नाहीत.

वेगाचंही करून पाहा. ताशी १०० मैल म्हणजे सेकंदाला साधारण ४४.७ मीटर. ७६.२ ने एकदाच भागायचं (का एकदाच, हे मुलांना विचारा). उत्तर सेकंदाला सुमारे ५९ सेंमी. म्हणजे पाच मीटरच्या रुळावर विक्रमी वेगाने धावणाऱ्या मॉडेलला साडेआठ सेकंद लागायला हवेत. आमच्या वर्गात ते किती सेकंदांत गेलं हे सांगत नाही. मुलांच्या हातात वेगाचं बटण होतं एवढं सांगितलं की पुरे.

तिसरा तास : रुळातली जाणूनबुजून केलेली तडजोड

आता सगळ्यात रंजक भाग. खऱ्या ब्रिटिश रुळांमधलं अंतर ४ फूट साडेआठ इंच, म्हणजे १,४३५ मिमी. ७६.२ ने भागलं तर १८.८३ मिमी. मुलांनी रूळ मोजला. १६.५ मिमी! पुन्हा मोजला. तरी १६.५.

उलट हिशेब करा. १६.५ मिमी म्हणजे खऱ्या मापात ४ फूट दीड इंच. तब्बल सात इंच कमी. चिमणी अर्ध्या मिलिमीटरने चुकली तर आरडाओरडा करणारे लोक, आणि त्यांच्या घरातल्या सगळ्या गाड्या सात इंच अरुंद रुळांवर धावतात!

असं का झालं? युरोप-अमेरिकेत १६.५ मिमी रुळावर 'एचओ' म्हणजे १:८७ प्रमाणाची मॉडेलं धावतात, आणि तिथे हिशेब चोख बसतो, १६.५ गुणिले ८७ करून बघा. पण ब्रिटनमधले पूल आणि बोगदे जुने, लहान. त्यामुळे तिथली खरी इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. १:८७ प्रमाणात ती इतकी लहान होत, की त्या काळातली विजेची मोटर त्यांच्या पोटात मावेना. मग रूळ तोच ठेवून वरचं इंजिन जरा मोठं केलं, १:७६.२. मोटर मावली, गाडी धावली. पुढे मोटरी लहान झाल्या, पण तोवर घराघरांत १६.५ मिमीचे रूळ पोचले होते. ते कोण बदलणार? काही हौशी मंडळी आजही चाकं बदलून, स्वतः रूळ घालून १८.८३ मिमीवर गाड्या चालवतात. बाकीचे तडजोड मान्य करून खूश आहेत.

अशा तडजोडी आणखीही आहेत. हॉर्नबीच्या नेहमीच्या संचातल्या एका वळणाची त्रिज्या ४३८ मिमी असते. खऱ्या मापात ती सुमारे ३३ मीटर झाली. एवढ्या वळणावर खरी एक्सप्रेस कधीच वळणार नाही. तिला शेकडो मीटर त्रिज्या लागते. पण दिवाणखान्यातल्या टेबलावर शेकडो मीटरच्या हिशेबाचं वळण मावत नाही. म्हणून काही मॉडेलांत केबिनखालच्या मागच्या चाकांना रुळात धरून ठेवणारी कडच देत नाहीत, म्हणजे वळताना ती आडव्या दिशेने सरकू शकतात. कपाटात ठेवायचं असेल त्याच्यासाठी कड असलेली चाकं वेगळी देतात.

केबिनच्या पत्र्याचं बघा. समजा खरा पत्रा ५ मिमी जाड आहे. ७६.२ ने भागला तर ०.०७ मिमी होतो, आपल्या वहीच्या कागदाहून पातळ. एवढं पातळ प्लॅस्टिक साच्यातून निघणार कसं, आणि मुलाच्या हातात टिकणार कसं? म्हणून पत्रा जाड ठेवतात आणि फक्त खिडकीच्या कडेला तासून तो पातळ असल्याचा भास देतात.

या तासाच्या शेवटी आम्ही वर्गात दोन शब्दांच्या व्याख्या केल्या. मुलांच्याच शब्दांत देते.

चूक : जी आपल्याला माहीत नव्हती.
तडजोड : जी माहीत होती, तिचं कारण होतं, आणि विचारलं तर सांगता येतं.

बंधाऱ्याची गोष्ट

हे सगळं मला इतकं महत्त्वाचं का वाटतं, ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका तालुकास्तरीय प्रदर्शनात मी आमची मुलं घेऊन गेले होते. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या शाळेची सातवीतली एक मुलगी होती. तिने कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचं मॉडेल केलं होतं. पुठ्ठ्याचे खांब, त्यात खाचा, आणि खाचांत आइस्क्रीमच्या काड्यांचे बरगे, काढता-घालता येणारे. पाणी ओतून ती दाखवत होती, पावसाळ्यात बरगे काढतात, पावसाळा संपताना घालतात. तिच्या गावातच बंधारा होता, त्यामुळे बोलणं घोकलेलं नव्हतं.

परीक्षक आले. त्यांनी पाटीवरचं '१:५०' वाचलं, काडीला बोट लावलं आणि म्हणाले, "प्रमाण चुकलंय. एवढ्या जाड फळ्या असतात का कुठे?" आणि पुढे गेले.

परीक्षकांचं गणित चूक नव्हतं. दोन मिलिमीटरची काडी, पन्नास पट, म्हणजे दहा सेंटीमीटर जाडीची फळी. पण दुपारी ती मुलगी बरगे एकेक करून उपसत होती, तेव्हा ती तिच्या बाईंना जे म्हणाली ते मी ऐकलं. "बाई, हे आधी कुणी का नाही सांगितलं? मी पुठ्ठ्याचे केले असते."

ती रागावलेली नव्हती. तिला उपायही माहीत होता. फक्त तो करण्याची वेळ निघून गेली होती. आणि खरं म्हणजे पुठ्ठ्याचे बरगे पाण्यात लगेच भिजून गेले असते. जाड काडी ही तिची तडजोडच होती. तिला तो शब्द कुणी दिला नव्हता, आणि तो पाटीवर लिहायचा असतो हेही सांगितलं नव्हतं.

चौथा तास : साचा कापायच्या आधी

आता परत मॉडेल इंजिनांकडे या, कारण या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. तयार धावणारं मॉडेल बाजारात यायला बहुधा दोन-तीन वर्षं लागतात. टप्पे ठरलेले आहेत. आधी अभ्यास : कारखान्याचे आराखडे, फोटो, आणि इंजिन अजून शिल्लक असेल तर लेझर किरणांनी त्याची मोजणी. मग संगणकावर त्रिमितीय आराखडा. मग पोलादी साचा कापतात. साच्यातून पहिला, बिनरंगाचा नमुना निघतो. मग रंगवलेला नमुना. आणि शेवटी हजारोंच्या संख्येने उत्पादन.

अनेक कंपन्या यातला प्रत्येक टप्पा लोकांना दाखवतात. संगणकावरचा आराखडा प्रसिद्ध झाला की ते रिव्हेट मोजणारे लोक कामाला लागतात. "पायरी चुकीच्या जागी आहे." "हा दिवा १९५० नंतरचा." आराखड्यातली चूक दुरुस्त करायला माउसच्या काही टिचक्या पुरतात. साचा कापल्यावर तीच चूक महाग पडते. त्यातही गंमत आहे : साच्यात आणखी खोदणं त्यामानाने सोपं, पण खोदलेलं भरून काढणं अवघड. म्हणजे मॉडेलवर राहून गेलेला बारीकसा उंचवटा नंतर घालता येतो, जास्तीचा झालेला उंचवटा काढणं जिकिरीचं. रंगवलेल्या नमुन्यात फक्त रंग आणि अक्षरं बदलता येतात. आणि डबा दुकानात आल्यावर चूक दाखवून फक्त मन दुखतं.

एक टोकाचं उदाहरण बघा. आपल्या मुलांना 'थॉमस' नावाचं निळं इंजिन टीव्हीवरून माहीत आहे. त्याचा चेहरा सोडला तर ते ब्रिटनमधल्या 'ई-२' वर्गाच्या इंजिनांसारखं आहे. असली दहा इंजिनं १९१३ ते १९१६ मध्ये तयार झाली. पहिल्या पाचांच्या पाण्याच्या टाक्या आखूड, पुढच्या पाचांच्या लांब. थॉमस लांब टाकीवाला. १९६३ पर्यंत सगळी सेवेतून गेली आणि एकही जपलं गेलं नाही. आता अशा इंजिनाचं अचूक मॉडेल करायचं तर मोजायला इंजिनच नाही! फक्त आराखडे आणि फोटो. अशा वेळी ज्याच्याकडे एखादा जुना फोटो आहे त्याने तो साचा कापायच्या आधी पुढे करणं किती मोलाचं, विचार करा.

उलट, इंजिन शिल्लक असलं तरी फसगत होते. संग्रहालयातलं इंजिन आज जसं आहे तसं लेझरने मोजलं, तर त्यात पुढच्या काळातले सगळे बदलही मोजले जातात. मग १९३० चं म्हणून विकलेल्या मॉडेलवर १९९० ची नळी उगवते. डोळ्यांनी पाहिलेलं आणि यंत्राने मोजलेलंसुद्धा तपासावं लागतं. विज्ञान शिकवताना यापेक्षा वेगळं आपण काय सांगतो?

आमच्या शाळेत आता प्रकल्पाला तीन थांबे आहेत.

पहिला थांबा कागदावर. मापांसकट आकृती, प्रमाण, आणि 'हे कोणत्या काळाचं, कोणत्या ठिकाणचं' ही एक ओळ. दोन वर्गमित्र आणि एक शिक्षक ती तपासतात. इथे हव्या तेवढ्या चुका काढा, खोडरबर एक रुपयाचा असतो.

दुसरा थांबा कच्च्या, बिनरंगाच्या मॉडेलवर. इथे फक्त आकार आणि काम बघायचं. फिरायला हवं ते फिरतं का, पाणी गळतं का.

तिसरा थांबा रंगवल्यावर. इथे फक्त पाटी, अक्षरं, शुद्धलेखन. आकाराविषयी या थांब्यावर बोलायचं नाही. ज्याला आकाराबद्दल बोलायचं होतं त्याने आधी बोलायला हवं होतं. हा नियम मुलांपेक्षा मोठ्यांना पाळायला अवघड जातो, हे अनुभवाने सांगते.

आणि पाटीवर एक चौकट सक्तीची : 'आम्ही केलेल्या तडजोडी'. काडी जाड आहे कारण पुठ्ठा भिजतो. झाड मोठं आहे कारण लहान झाड दिसत नाही. परीक्षकांनी बोट ठेवायच्या आधी मुलाने स्वतः ठेवलेलं असतं. मग प्रश्न 'चुकलंय' असा येत नाही, 'हे असं का केलंस?' असा येतो, आणि त्यावर मूल बोलू शकतं.

पाचवा तास : आपल्या इंजिनांचं काय?

मुलांनी विचारलंच, "मॅडम, आपल्या गाडीचं करायचं तर?" म्हणून हा गृहपाठ. तुम्हीही द्या.

१. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमी. १:८७ प्रमाणात रूळ किती रुंद हवा? (सुमारे १९.३ मिमी.) मग बाजारातल्या १६.५ मिमी रुळावर भारतीय गाडीचं मॉडेल चालवलं तर तडजोड किती मिलिमीटरची? पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जाल तेव्हा हा प्रश्न खिशात ठेवा.

२. माथेरानची गाडी दोन फुटी. ४ मिमीला एक फूट या हिशेबाने रूळ ८ मिमी हवा. तिकडे अशा गाड्यांसाठी सर्रास ९ मिमीचा रूळ वापरतात. म्हणजे इथे तडजोड उलटी : रूळ अरुंद नाही, रुंद झाला. खऱ्या मापात किती इंचांनी?

३. बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी होती, म्हणजे ७६२ मिमी. भागिले ७६.२. उत्तर काढा आणि हसा. अडीच फुटी गाड्यांचं संग्रहालय नागपूरला मोतीबाग इथे आहे. तिकडची मुलं खरं इंजिनच मोजून आणू शकतात.

४. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, हे चौथीतलं पोरही सांगतं. प्रदर्शनात तिची मॉडेलं दरवर्षी असतात. त्यावर इंजिन मात्र कुठलंही, कधी अमेरिकन सिनेमातलं, पुढे गाई हाकलायची जाळी लावलेलं. ती इंजिनं इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीची, २-४-० चाकांची होती. म्हणजे पुढे दोन लहान चाकं, मधे जोडलेली चार मोठी, मागे एकही नाही. मुलांना फक्त चाकं मोजायला सांगा. अर्धी मॉडेलं तिथेच सापडतील. (फ्लाइंग स्कॉट्समन किती? ४-६-२. मॉडेलवर मोजून खात्री करा.)

पालकांसाठी दोन शब्द

"तयार मॉडेल आणलं तर चालेल का?" या प्रश्नाला माझं उत्तर आता असं आहे : चालेल, पण मूल त्याच्यासोबत फूटपट्टी आणि एक खरा फोटो घेऊन येणार असेल तर. दुकानातून ज्वालामुखी आणा, सूर्यमाला आणा. मग मुलाला विचारा, यात काय खरं आहे, काय नाही, आणि जे खरं नाही ते का नाही? सूर्यमालेच्या तयार मॉडेलात गुरू आणि पृथ्वी जवळपास सारख्याच आकाराचे असतात. ती चूक आहे की तडजोड? प्रमाणात केलं असतं तर पृथ्वी केवढी झाली असती? गुरूचा व्यास पृथ्वीच्या साधारण अकरा पट, एवढं सांगून सोडून द्या. संध्याकाळभर मूल गप्प बसणार नाही.

रात्री जागून तुम्ही स्वतः मॉडेल करून देता, त्यापेक्षा हे किती तरी बरं. तुमच्या हातचं सुबक मॉडेल मुलाने नुसतं उचलून आणलं, तर त्याला त्यातलं काहीच माहीत नसतं. विकत आणलेलं मॉडेल त्याने मोजलं, फोटोशी ताडून पाहिलं, चार उणिवा शोधल्या आणि पाटीवर लिहिल्या, तर ते मॉडेल त्याचं झालं.

आणि शिक्षकांनो, येत्या प्रदर्शनाला परीक्षक म्हणून कुणी बोलावलं, तर आधी पाटीवरची तडजोडीची चौकट वाचा. नसेल तर मुलालाच विचारा, "यात तू काय बदललंस आणि का?" तो सांगेपर्यंत टेबलापाशी थांबा.